स्वस्त रायफल लेझर: काय तपासायचं, काय सुधारायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुम्ही विचारलंय ते असं: ह्यूस्टनजवळ राहता, एआर-१५ रायफलीसाठी शंभरेक डॉलरची लेझरची पेटी घेतली आहे. तिच्यात हिरवा लेझर, इन्फ्रारेड लेझर, एक छोटा टॉर्च आणि वायरवर लोंबणारा पट्टीचा स्विच. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात रात्री डुकरं मारायला जायचंय. पण थोड्या फैरी झाडल्या की ठिपका जागचा हलतो, आणि बोट उचललं तरी लेझर कधीकधी चालूच राहतो. त्यात एका मित्राने सांगितलं की पेटी उघडून आतला बारीक स्क्रू फिरवला की इन्फ्रारेडची ताकद वाढते. तर हे सगळं करावं का, की पेटी फेकून द्यावी?

थेट सांगतो. स्विच आणि बसवणी सुधारता येते आणि ती सुधारण्याजोगी असते. ठिपका टिकतो की नाही हे एका संध्याकाळी घरीच कळतं. तो ताकदीचा स्क्रू मात्र फिरवू नका. लेझर डायोड (वीज दिली की लेझर प्रकाश देणारा बारीक भाग) आणि त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारी सर्किटं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि मध्य टेक्सासात रात्रीच्या डुकरांमागे मी बरीच वर्षं फिरतोय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःला विचारा: रात्री तुम्ही बघणार कशातून? हे लिहितोय कारण इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. थर्मल स्कोपमधून इन्फ्रारेड लेझर दिसत नाही. अजिबात दिसत नाही. थर्मल बघतो ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा, म्हणजे अंगातून निघणारी उष्णता. तुमच्या पेटीतला लेझर आहे ८५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ०.८५ मायक्रॉन. नावात दोन्हीकडे 'इन्फ्रारेड' असलं तरी एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. थर्मल स्कोप घेतला असेल तर तुम्हाला लेझर लागतच नाही, त्याच्या आतच नेमाची खूण असते. इन्फ्रारेड लेझर लागतो तो डोक्यावर नाइट व्हिजन, म्हणजे अंधारात दिसण्यासाठीचा चष्मा, घालणाऱ्याला, कारण चष्मा डोळ्यावर असताना गाल बटला लावून स्कोपमधून नीट बघता येत नाही. डिजिटल नाइट व्हिजनला ८५० दिसतं आणि ९४० देखील दिसतं. नळीवाल्या तिसऱ्या पिढीच्या नाइट व्हिजनची नजर मात्र ९०० च्या आसपास संपते, तेव्हा '९४०, संपूर्ण अदृश्य' अशी जाहिरात वाचून घेतलेला प्रकाशझोत त्यात अंधारच दाखवतो.

आता पेटीतून नेमकं काय बाहेर पडतंय ते बघू. बाजूच्या पिवळ्या लेबलवर '५ मिलिवॉटपेक्षा कमी' लिहिलेलं असेल. त्या लेबलवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या 'निस्ट' या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेने १२२ लेझर पॉइंटर तपासले आणि त्याचे निकाल २०१३ मध्ये मांडले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हते. त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेने १५ डॉलरच्या एका हिरव्या पॉइंटरबद्दल अहवाल काढला होता. वरवर तो मंद हिरवा, बिचारा वाटणारा, पण त्यातून जवळपास २० मिलिवॉट इन्फ्रारेड बाहेर पडत होतं.

असं का होतं ते समजून घेतलं तर खरेदी करतानाच निम्मं काम होतं. जुन्या पद्धतीच्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरमध्ये मुळात हिरवा प्रकाश तयार करणारा डायोड नसतोच. ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड एका स्फटिकाला उत्तेजित करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटर निघतं, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चं हिरवं काढतो. शेवटी एक बारीकशी काच बसवून उरलेलं इन्फ्रारेड अडवायचं असतं. पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली वगळली जाते ती हीच काच. हिरवा प्रकाश डोळ्यांवर आला तर आपण पाव सेकंदात पापणी मिटतो. इन्फ्रारेडला पापणी मिटतच नाही, कारण डोळ्याला काही दिसलेलंच नसतं, आणि डोळ्याचं भिंग मात्र ते इमानदारीने पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. इजा झाल्याचं नंतर कळतं.

घरी याची ढोबळ परीक्षा करता येते. पेटी रायफलवरून काढून टेबलावर पक्की बांधा, किरण जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरका पाडा आणि परतून येणारे ठिपके पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. सीडीकडे बघायचं नाही, फक्त पुठ्ठ्याकडे. खोलीत मुलं, कुत्रं कोणी नको. मग ते ठिपके दोन कॅमेऱ्यांनी टिपा: फोनच्या मागच्या चांगल्या कॅमेऱ्याने, आणि इन्फ्रारेड गाळणी नसलेल्या एखाद्या जुन्या वेबकॅमने. टीव्हीच्या रिमोटचा दिवा ज्या कॅमेऱ्यात लख्ख दिसतो तो कॅमेरा चालेल. हिरव्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या ठिपक्यांच्या मधे वेबकॅममध्ये फोनमध्ये नसलेला एक जादाचा ठिपका दिसला, तर ते ८०८ गळतंय. दिसला नाही म्हणजे मात्र सुटलात असं नाही. १०६४ ही ५३२ ची बरोबर दुप्पट, त्यामुळे तिचा पहिला ठिपका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच जाऊन बसतो आणि वेगळा ओळखू येत नाही. म्हणून या चाचणीत पेटी नापास झाली तर ती वापरू नका, पास झाली तरी पुरती खात्री झाली असं समजू नका.

निवड तुमच्या हातात असेल तर ५१५ ते ५२० नॅनोमीटर लिहिलेला हिरवा घ्या. त्यात डायोड थेट हिरवाच उजेड देतो, मधली स्फटिकांची साखळी नाही, म्हणून गळायला इन्फ्रारेडही नाही. शिवाय जानेवारीतल्या रात्री ५३२ वाला थंडीने मंदावतो, कधी पेटतच नाही, थेट डायोडवाला मुकाट चालतो. दिवसा मळभात आणि संध्याकाळी लालपेक्षा हिरवा का बरा वाटतो, तर आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तल्लख असतो. तेवढ्याच ताकदीचा ६५० चा लाल ठिपका ५३२ च्या हिरव्यापुढे साधारण आठवा हिस्सा उजळ दिसतो. भर उन्हात शंभर यार्डांवर मात्र ५ मिलिवॉटचा कोणताच ठिपका दिसत नाही, हिरवाही नाही. तशी जाहिरात दिसली तर एकतर ती खोटी, नाहीतर ते लेबल खोटं.

आता मित्राने सांगितलेल्या स्क्रूबद्दल. तो स्क्रू म्हणजे ड्रायव्हर सर्किटवरचा बारीक पोटेन्शिओमीटर. तो डायोडमधून जाणारा प्रवाह ठरवतो. तो वाढवला की ठिपका थोडा उजळतो हे खरं, पण तुमच्याकडे मोजायला काही नसतं. मल्टीमीटर प्रवाह दाखवेल, बाहेर पडणारे मिलिवॉट नाही. डायोडचा प्रवाह एका मर्यादेपलीकडे गेला की त्याच्या तोंडाचा आरसा जळतो, आणि मग तो डायोड उरतो साध्या एलईडीसारखा, पसरट आणि मेलेला. हे डायोडचं झालं, त्याचं मला काही वाटत नाही, पाच डॉलरला दुसरा मिळतो. डोळा दुसरा मिळत नाही. ८५० नॅनोमीटरला पहिल्या वर्गाची, म्हणजे डोळ्याला सुरक्षित मानलेली मर्यादा पाऊण मिलिवॉटच्या आसपास आहे. नागरी बाजारातल्या नामांकित पेट्या ०.७ मिलिवॉटवर थांबतात त्या याच कारणाने. रात्री शेतावर तुमच्याबरोबर तो शेतकरी असतो, त्याचा मुलगा असतो, आणि त्यांच्या डोळ्यांवर काही नसतं. लोखंडी फाटक, गुरांच्या टाकीतलं पाणी, पिकअपची काच, रस्त्यावरची पाटी, कशावरूनही किरण परततो. परतलेला त्यांना दिसणार नाही. त्यामुळे ते मान वळवणार नाहीत, पापणीही मिटणार नाहीत.

आणि गंमत म्हणजे तुम्हाला ती ताकद नकोच आहे. नाइट व्हिजनमधून ०.७ मिलिवॉटचा ठिपका शंभर यार्डांवर सणसणीत दिसतो. जास्त ताकदीचा ठिपका फुलतो, त्याच्या झगमगाटात जनावराचा खांदाच झाकला जातो. ज्यांना 'लेझर कमी पडतो' असं वाटतं त्यांना बहुतेक वेळा ठिपका नाही, जनावर दिसत नसतं. त्याला औषध म्हणजे वेगळा, पसरट इन्फ्रारेड झोत, ज्याचा किरण सुईसारखा नसतो. चांगला झोत घ्या, तो रायफलवर लेझरच्या विरुद्ध बाजूला लावा, आणि गवत मधे आल्यावर चकाकी परत डोळ्यांत येते म्हणून तो नळीच्या टोकाकडे सरकवून बसवा. त्याच्याही समोर डोळा आणायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता ठिपका हलतो त्याकडे. स्वस्त पेट्यांमध्ये आत एक पितळी नळकांडं असतं, त्यात लेझर. एका बाजूने दोन बारीक स्क्रू त्याला ढकलतात, समोरून स्प्रिंग किंवा रबराची रिंग परत ढकलते. पेटीचं अंग प्लॅस्टिकचं. धक्क्याने काय हलतं ते ओळखणं महत्त्वाचं, कारण तीन वेगवेगळे दोष बाहेरून अगदी एकसारखे दिसतात: पेटी रेलवर (रायफलवरची खाचांची पट्टी, जिच्यावर पेटी बसते) सरकते, नळकांडं पेटीत सरकतं, किंवा प्लॅस्टिकच तापून वाकतं.

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, गोळ्या तर त्या खोलीत नकोतच. शक्य असेल तर रायफल मधे आणूच नका, रेलचा एक तुकडा विकत मिळतो, तो व्हाइसमध्ये धरा. लेझर २५ यार्डांवरच्या भिंतीवर पाडा, लांबलचक गॅरेज किंवा अंगणातलं कुंपण चालेल, पण किरण शेजाऱ्याकडे किंवा वर आभाळाकडे जाता कामा नये. आलेखाचा कागद चिकटवून ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलने खूण करा. २५ यार्डांवर पाव इंच म्हणजे १०० यार्डांवर एक इंच, हे गणित डोक्यात ठेवा.

मग पेटी काढा, परत बसवा, दर वेळी रेलच्या खाचेत पुढे ढकलून मगच स्क्रू आवळा. ठिपका दर वेळी दुसरीकडे पडला तर दोष पकडीत आहे. आता रबरी हातोडीने पेटीच्या अंगावर चारी बाजूंनी टिचक्या द्या, जोरात नाही. ठिपका उडी मारून नव्या जागी बसला तर नळकांडं ढिलं आहे. मग लेझर दहा मिनिटं चालू ठेवा. हळूहळू एकाच दिशेला सरकत गेला तर ते प्लॅस्टिक आणि उष्णता. सगळ्यात शेवटी नेमाचा स्क्रू चार खटके उजवीकडे, चार डावीकडे असा फिरवा. ठिपका मूळ खुणेवर परत यायला हवा. बऱ्याच स्वस्त पेट्यांमध्ये पहिल्या दोन खटक्यांना काही होत नाही, तिसऱ्याला तो एकदम उडतो. तसं असेल तर झिरो करताना, म्हणजे ठिपका रायफलच्या नेमाशी जुळवताना, नेहमी स्क्रू आवळण्याच्या दिशेनेच शेवट करा. ढिला करत करत खुणेवर आलात तर पहिल्या दोन फैरींत तो निसटणारच.

पकडीचा दोष सगळ्यात सोपा. चिनी पेट्यांची पकड रेलच्या खाचेत थोडी सैल असते, आडव्या बोल्टच्या आणि खाचेच्या मधे फट राहते. पातळ पितळी पत्र्याची पट्टी आत सरकवली की काम होतं. धातूच्या स्क्रूला निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावा, पण प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला चुकूनही नाही. ते पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला तडे पाडतं, आणि तडे लगेच नाही, महिन्याभराने दिसतात. नळकांडं ढिलं असेल तर रबरी रिंग बदला, एक नंबर जाड घ्या. झिरो झाल्यावर नळकांड्याच्या कडेला सिलिकॉनचा बारीक थेंब टाकला तरी चालतं, पण तो न्यूट्रल जातीचा हवा. व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन तांब्याच्या तारा आणि सोल्डरचे सांधे खातो. प्लॅस्टिक तापून वाकत असेल तर त्याला उपाय नाही. त्या पेटीचं एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या खेळातल्या बंदुकीवर भागेल, खऱ्या रायफलवर नाही.

आता स्विच, आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीतली ही सगळ्यात गंभीर गोष्ट. बोट उचलल्यावरही लेझर चालू राहणं म्हणजे तुम्ही रायफल खांद्यावरून उतरवलीत, गाडीकडे चाललात, आणि किरण लोकांच्या पायांवरून, चेहऱ्यांवरून फिरतोय. इन्फ्रारेड असेल तर कोणाला कळणारही नाही.

पट्टीचा स्विच उघडून बघितला तर त्यात विशेष काही नसतं: धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मधे भोकं पाडलेला फोम. दाबलं की भोकांतून पट्ट्या टेकतात, सोडलं की फोम त्यांना वेगळं करतो. दोन गोष्टींनी तो फोम मरतो. एक म्हणजे झिप-टाय करकचून आवळणं, तोही नेमका दाबायच्या जागेवर. दुसरी उष्णता. वीस-तीस फैरी भराभर झाडल्या की हँडगार्डचा (नळीभोवतीचं, हाताने धरायचं वेष्टन) पुढचा भाग हात लावू देत नाही, आणि लोक स्विच तिथेच चिकटवतात. म्हणून पट्टी मागे घ्या, खाली सपाट प्लॅस्टिकचं रेल-कव्हर ठेवा, टाय फक्त दोन टोकांना, आणि तेही बोटाने फिरतील इतके सैल. निम्मे 'बिघडलेले' स्विच एवढ्यानेच बरे होतात.

उरलेल्यांना मल्टीमीटर लावा. ओहमवर ठेवून पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोटाने दाबत जा. सोडल्यावर अनंत आणि दाबल्यावर एका ओहमच्या आत, हे चांगल्या स्विचचं लक्षण. दाब हलका-जड केल्यावर आकडा तीन, अकरा, दोन असा नाचला तर आतल्या पट्ट्या गंजल्या आहेत, ह्यूस्टनच्या दमटपणात ते लवकर होतं. लेझर टॉर्चच्या मानाने फारच कमी प्रवाह घेतो, त्याला हे फारसं जाणवत नाही, पण टॉर्च एक अँपिअर ओढत असेल तर एका ओहममागे एक व्होल्ट स्विचमध्येच खलास. तीन व्होल्टच्या सेलवर मग काय उरणार. तुमचा टॉर्च वायरच्या स्विचवर मंद आणि पेटीवरच्या बटणावर लख्ख जळत असेल तर हेच कारण.

मग वायर. स्वस्त स्विचची वायर ताठ पीव्हीसीची असते आणि ती तुटते ती पिनच्या तोंडाशीच. ती कापून टाका, मऊ सिलिकॉन वेष्टनाची २६ गेजची लावा, सांध्यावर गरम करून आवळणारी नळी दोन थरांत चढवा, आणि पिनपासून दोन बोटांवर वायरचा एक छोटा वळसा घेऊन तो रेलला क्लिपने धरा. धक्क्याचा ताण वळशावर यावा, पिनवर नाही. एअरसॉफ्टच्या पेट्यांमध्ये बहुतेक वेळा हेडफोनसारखी गोल पिन असते. ती अर्धी निसटली की आतले दोन संपर्क भलतीकडे टेकतात आणि लेझर आपोआप लागतो. तुमच्या बाबतीत तसं होतंय का हे पिन चिमटीत धरून हलवून बघा. असेल तर पिन आत दाबून तिच्याभोवती न्यूट्रल सिलिकॉनची कड द्या.

दोनदा दाबलं की लेझर कायमचा चालू, अशी सोय तुमच्या पेटीत असेल तर ती बंद करता येते का बघा. रायफलवर दाबेपर्यंतच चालणारा स्विच हवा, दुसरा कोणताही नको. आणि गाडीत बसताना सेलचं झाकण अर्धा आटा सैल करायची सवय लावा.

सेलबद्दल दोनच गोष्टी. तीन व्होल्टच्या सीआर-१२३ ऐवजी रिचार्जेबल लिथियम-आयन सेल टाकू नका. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो आणि स्वस्त ड्रायव्हर तेवढ्याने जळतो, किंवा न जळता लेझरची ताकद वाढवतो, ते जास्त वाईट. दोन सेल लागत असतील तर जुना आणि नवा एकत्र घालू नका, नवा जुन्याला उलटा चार्ज करू पाहतो आणि तो फुटू शकतो. फैर झाडताना लेझर लुकलुकत असेल तर सेल धक्क्याने स्प्रिंगपासून क्षणभर सुटतोय. जाड तारेची स्प्रिंग बसवा, आणि सेलच्या बाजूला कागदाची सुरळी घालून त्याचं आडवं हलणं थांबवा.

हे सगळं झाल्यावर झिरो करताना लेझर नळीला समांतर ठेवा. तो नळीच्या दीड इंच डावीकडे असेल तर कुठल्याही अंतरावर दीड इंच डावीकडेच राहील, आणि डुकराच्या खांद्याच्या हिशेबात दीड इंच काहीच नाही. ५० यार्डांवर एकत्र आणलात तर १०० वर तो उजवीकडे जातो, आणि अंधारात अंतराचा अंदाज तसाही चुकतो.

कायद्याचं एक, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१९ पासून टेक्सासात जमीनमालकाची परवानगी असेल तर रानडुकरांना शिकारीचा परवाना लागत नाही. पण तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगण्यावर संघराज्याची बंदी आहे, आणि तिच्यातल्या अपवादांपैकी एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणजे डुकरासाठी नाही, तर तुमच्यासाठी तो परवाना लागतो. लेझर विमानाकडे रोखणं हा २०१२ पासून संघराज्याचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. ह्यूस्टनच्या आभाळात हेलिकॉप्टरं कमी नाहीत.

पेटी तुम्ही नुकतीच घेतलीय, तेव्हा क्रम असा ठेवा: आधी भिंतीवरची आणि सीडीची चाचणी, तीही पेटी न उघडता. तापल्यावर ठिपका सरकला किंवा इन्फ्रारेड गळताना दिसलं तर परत पाठवा आणि थेट हिरव्या डायोडची, धातूच्या अंगाची पेटी घ्या. नुसती पकड आणि स्विच खराब निघाले तर ठेवून घ्या, पत्र्याची पट्टी, वायर आणि गरम नळी मिळून दहा डॉलरच्या वर खर्च नाही. सोल्डरिंग आयर्न मात्र परत करायची मुदत संपेपर्यंत बाजूलाच ठेवा, एकदा स्क्रू उघडल्याची खूण दिसली की दुकानदार पेटी परत घेत नाही.